वेळ : १५ मिनिटे

माझी पहिली तक्रार पाककृतीच्या पहिल्याच ओळीबद्दल आहे. तिथे 'वेळ : १५ मिनिटे' असं लिहिलेलं असतं आणि खाली साहित्याची यादी सुरू होते. एक जुडी मेथी, निवडून, धुऊन, चिरून. एक वाटी तुरीची डाळ, शिजवलेली. पाव वाटी दाण्याचं कूट. म्हणजे पंधरा मिनिटं मोजायला सुरुवात होते तेव्हा मेथी निवडून झालेली असते, डाळ शिजून तयार असते, दाणे भाजून, सोलून, कुटून डब्यात भरलेले असतात. हे सगळं कुणी केलं, कधी केलं, किती वेळ लागला, यातलं काहीही पाककृतीत नसतं. एकट्यानं राहून नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरात हे करणारा दुसरा कुणी नसतो. आणि तो माणूस रात्री साडेआठला दारात चपला काढत असतो.

मी बंगळुरूच्या बसवनगुडीत राहते. गांधी बझार चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथली भाजी उत्तम असते, हे आधीच सांगते. माझी तक्रार भाजीबद्दल नाही. रस्त्याकडेला बसणाऱ्या अम्मा जुड्यांवर ओलं गोणपाट टाकून ठेवतात, त्यामुळे उशिरा गेलं तरी पानं तरतरीत मिळतात. मेथीची जुडी मुळांसकट येते. मुळांना लाल माती असते. घरी आल्यावर आधी मुळं कापायची, मग पिवळी पानं काढायची, मध्येच शिरलेलं गवत वेगळं करायचं, कोवळे देठ ठेवून जून देठ टाकायचे. मग तीन पाण्यांतून काढायची. पहिलं पाणी लाल येतं, दुसरं गढूळ, आणि तिसऱ्याच्या तळाशीही बोटाला वाळू लागते. निथळायला चाळणीत ठेवायची, तोवर लसूण सोलायचा. एवढं झाल्यावर परातभर दिसणारी भाजी कढईत पडते आणि बघता बघता मूठभर होते. शिजायला तिला खरोखरच आठ-दहा मिनिटं लागतात. पाककृती तेवढ्यापुरतीच खरी आहे. बाकी पाऊण तास आपल्या पदरात घालून ती मोकळी होते.

इडलीचं तर याहून वाईट आहे. 'वेळ : २० मिनिटे' हे वाफवण्याच्या वेळेबद्दल लिहिलेलं असतं. डाळ-तांदूळ चार ते सहा तास भिजायला लागतात, वाटायला वेगळा वेळ, आणि पीठ आंबायला अख्खी रात्र. डिसेंबर-जानेवारीत बंगळुरूची रात्र पंधरा-सोळा अंशांवर येते, तेव्हा सकाळी पातेल्याचं झाकण काढावं तर पीठ जिथल्या तिथे. पिठाला आदला दिवस लागतो, हे बसवनगुडीला शिकवावं लागत नाही. गांधी बझारमधलं 'विद्यार्थी भवन' १९४३ पासून डोसे खाऊ घालतंय. आत जागा मिळाल्यावर डोसा झटपट पुढ्यात येतो, कारण त्याच्या पिठाची तयारी कुणीतरी आदल्या दिवशीच केलेली असते. त्या माणसाचा तो वेळ बिलात धरलेला असतो. घरच्या इडलीच्या हिशोबात मात्र आदला दिवस धरायची पद्धत नाही.

दुसरी गोष्ट शिट्ट्यांची. 'तीन शिट्ट्या काढा' हे वाक्य मराठी पाककृतींतून हद्दपार व्हावं असं मला मनापासून वाटतं. शिट्टी कधी होणार हे आच किती, कुकर केवढा, आत पाणी किती आणि कुकर कुठल्या बनावटीचा यावर ठरतं. मोठ्या आचेवर छोट्या कुकरच्या तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि डाळ कच्ची राहते. कुकरबरोबर येणारी पुस्तिका उघडून बघा. पूर्ण वाफ धरली की आच कमी करा आणि इतकी मिनिटं ठेवा, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं सापडेल. ती पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते आणि आपण शिट्ट्या मोजत बसतो.

त्यात बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. इथे उघड्या पातेल्यात पाणी साधारण ९७ अंशांवर उकळतं. मुंबईच्या स्वयंपाकघरात लिहिलेली वेळ इथल्या पातेल्याला तंतोतंत लागू पडत नाही. बटाटे, वाटाणे, हरभरे थोडे जास्त वेळ घेतात. घरात बोअरचं जड पाणी येत असेल तर त्यातल्या क्षारांमुळे डाळ आणखी हटून बसते. आई सांगलीहून फोनवर विचारते, "अगं, एवढ्यात कशी नाही शिजली?" तिचं म्हणणं तिच्या घरापुरतं बरोबर असतं. इथे डाळ अर्धा तास आधी कोमट पाण्यात भिजत टाकावी, हा साधा उपाय आहे, आणि नव्यानं घर मांडणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवा.

आता बाजार. बाजारातल्या मालाचं माप चार माणसांच्या कुटुंबासाठी ठरलेलं आहे. कोथिंबिरीची जुडी घेतली तर आठवडाभर पुरते आणि चौथ्या दिवशी काळी पडते. कोबीचा गड्डा एका माणसाला संपत नाही. नारळ फोडला की एक वाटी वापरायची आणि दुसरी फ्रिजमध्ये बुळबुळीत होताना बघायची. छोटा पुडा मिळतो, पण ग्रॅममागे त्याचे पैसे जास्त पडतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुड्यावर विक्रीदराच्या जवळ बारीक अक्षरात ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमत छापलेली असते; गेल्या काही वर्षांपासून ती छापणं बंधनकारक आहे. त्याच वेळी ठरावीक वजनाचेच पुडे करण्याचं बंधन काढून टाकलं गेलं. म्हणून आता शेजारी शेजारी ठेवलेले दोन पुडे सारखे दिसतात आणि वजन वेगवेगळं निघतं. दर बघायचा तर तो बारीक अक्षरातलाच बघावा. अर्थात दिवसभर पडद्याकडे बघून आलेल्या डोळ्यांना तो वाचता येईल एवढा मोठा छापायला काय हरकत आहे, हेही विचारायलाच हवं.

दुधाचंही तसंच. जून २०२४ मध्ये कर्नाटकातल्या 'नंदिनी' दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीत ५० मिलिलिटर दूध वाढलं आणि किंमत २ रुपयांनी वाढली. शेतकऱ्यांकडून येणारं दूध रोज कोटी लिटरच्या घरात गेलं होतं आणि ते खपवणं भाग होतं. कारण खरं होतं आणि शेतकऱ्याच्या बाजूनं रास्तही होतं. एप्रिल २०२५ मध्ये पिशवी पुन्हा ५०० मिलिलिटरवर आली आणि दर लिटरला ४ रुपयांनी चढला. घरात चार माणसं असली की हा फरक जिरून जातो. दिवसाला दोन कप चहा करणाऱ्या माणसाला पाव लिटरची पिशवी शोधत हिंडावं लागतं, आणि ती सकाळी सातनंतर सहसा उरलेली नसते.

थोडंच घेण्याच्या बाबतीत मला दोन ठिकाणांबद्दल कृतज्ञता आहे. एक म्हणजे गांधी बझार आणि डी.व्ही.जी. रोडच्या आसपासची जुनी किराणा दुकानं, जिथे अजूनही शंभर ग्रॅम मोहरी कागदात बांधून मिळते आणि दुकानदार त्याबद्दल तोंड वाकडं करत नाही. दुसरं हॉपकॉम्स. १९५९ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थेतून सुरू झालेल्या या संस्थेच्या दुकानांत भाज्यांचे दर फळ्यावर लिहिलेले असतात आणि एक गाजर, दोन बटाटे, चार मिरच्या वजनावर घेता येतात. एकट्या माणसासाठी याहून चांगली सोय दुसरी नाही. तक्रार एवढीच, की आमच्यासारखे घरी पोचेपर्यंत दुकानाचं शटर खाली आलेलं असतं. नोकरदार लोक जेव्हा भाजी घेऊ शकतात त्याच वेळी सरकारी आणि सहकारी दुकानं बंद होतात, ही अडचण फक्त वेळापत्रक बदलून सुटणारी आहे.

मग उरतं मोबाइलवरून मागवणं. दहा मिनिटांत किराणा. मी ज्यावरून मागवते त्याचं नाव इथे घेत नाही, कारण सगळीकडे प्रकार एकच आहे. दोन टोमॅटो आणि आल्याचा एक तुकडा मागवला की 'छोटी ऑर्डर' म्हणून वेगळा आकार, हाताळणीचा आकार, घरपोच आणण्याचा आकार, पाऊस असेल तर पावसाचा आकार. तो टाळायचा तर यादी वाढवा. म्हणजे नको असलेली बिस्किटं घ्या. जाड पोहे मागवले तर 'उपलब्ध नव्हते' म्हणून पातळ पोहे येतात. कांदेपोहे करायला घ्यावेत तर पाण्याचा हात लागताच त्यांचा लगदा होतो. पोह्यांच्या दोन जातींत फरक आहे, हे माल भरणाऱ्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि यात त्या मुलाचा दोष नाही.

दारात येणाऱ्या मुलाचा तर त्याहून नाही. त्याची दहा मिनिटं माझ्या पाककृतीतल्या पंधरा मिनिटांसारखीच आहेत. गोदामाबाहेर उभं राहून वाट पाहण्याचा वेळ, परतीचा वेळ, पार्किंगवरून सुरक्षारक्षकाशी झालेल्या वादाचा वेळ, यातलं काही त्यात धरलेलं नसतं. कर्नाटकानं २०२५ मध्ये अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कायदा केला. उशिरा केला, पण केला. ज्याच्या श्रमावर आपलं रात्रीचं जेवण उभं आहे त्याचं नाव कुठल्यातरी नोंदवहीत आलं, याचं मला समाधान आहे.

आता मूळ दुखण्याकडे येते. करिअरचे सल्ले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये उद्योगपती नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आकडा ९० वर नेला आणि रविवारी घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार, असंही विचारलं. मधल्या काळात, जुलै २०२४ मध्ये, कर्नाटक सरकारपुढे आयटीतल्या लोकांचा कामाचा दिवस १४ तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला होता. केआयटीयू या कर्मचारी संघटनेनं त्याला कडाडून विरोध केला.

७० तासांचा हिशोब मांडते. सहा दिवस धरले तर दिवसाला ११ तास ४० मिनिटं. सात तास झोप. इलेक्ट्रॉनिक सिटीला जाऊन-येऊन, घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत, अडीच तास सहज जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता; पण सुरुवातीला तीनच गाड्या होत्या आणि २५ मिनिटांनी एक सुटत होती. आर. व्ही. रोडला गाडी बदलायची, हिरव्या मार्गानं नॅशनल कॉलेजला उतरायचं, मग चालत घर. हे सगळं वजा केल्यावर दिवसाचे २ तास ५० मिनिटं उरतात. त्यात अंघोळ, कपडे, घरचा फोन, आजारपण, बाजार, स्वयंपाक, जेवण आणि भांडी. मेथीची एक जुडी आणली की त्यातला पाऊण तास गेला.

हा सल्ला देणाऱ्यांना चोवीस तासांचं गणित येत नसेल असं मी मानत नाही. त्यांच्या गणितात पोळ्या लाटणारं माणूस घरात आहे, एवढंच. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं. त्या २८९ मिनिटांवर कुणाचे तरी ७० तास उभे राहतात. रविवारी बायकोचं तोंड बघत बसण्याची ज्यांना काळजी वाटते त्यांनी त्या दिवशी तिच्या हातात काय असतं ते एकदा बघावं. निवडायला घेतलेली डाळ असते, नाहीतर आठवड्याचे धुतलेले डबे असतात.

एकट्यानं राहणाऱ्यांसाठी जे सल्ले येतात ते याच गणितातून जन्मले आहेत. 'रविवारी आठवड्याची पूर्वतयारी करून ठेवा.' चौघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये फ्रिजचा एक कप्पा वाट्याला येतो. त्यात सात दिवसांच्या चिरलेल्या भाज्या, मळलेली कणीक आणि वाटलेली आलं-लसूण पेस्ट मावत नाही. 'कमी महत्त्वाची कामं दुसऱ्याला द्या.' ती दुसरी म्हणजे सकाळी सहापासून चार घरचे स्वयंपाक करणारी बाई असते. तिच्या मुलांचा डबा कधी होतो, हे तो सल्ला विचारत नाही. आणि जेवण हे कमी महत्त्वाचं काम आहे, हे कुणी ठरवलं?

माझ्या ऑफिसातला लातूरचा एक मुलगा पीजीत राहतो. खोलीत इंडक्शन चालत नाही. रात्रीचं जेवण साडेनऊला आवरतात आणि तो पोचतो पावणेदहाला. पैसे भरलेले असतात, ताट उचललेलं असतं. त्याच्यासाठी एका झाकणाखाली दोन पोळ्या आणि वाटीभर वरण राखून ठेवायला कुणाला काही खर्च नाही. तो बिस्किटांवर झोपतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला सकस आहाराबद्दलचा ईमेल येतो, ऑफिसकडूनच. यावर मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

खरोखर कमी वेळात होणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्या आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. पिठलं. कांदा चिरण्यापासून झाकण काढेपर्यंत वीस मिनिटं, बेसन भिजवावं लागत नाही, उरलं तर सकाळी खाता येतं. त्याच्याबरोबर भाकरी थापायला वेळ नसेल तर उत्तर कर्नाटकातल्या कडक ज्वारीच्या रोट्या इथे पुड्यात मिळतात आणि कोरड्या ठेवल्या तर बरेच दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणीही मिळते आणि ती सोलापूरच्या चटणीची सख्खी बहीण आहे. मुगाची सालं काढलेली डाळ न भिजवता उघड्या पातेल्यात शिजते. राजमा मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी करायच्या भानगडीत पडू नये. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नंतर चांगला उकळल्याशिवाय तो पोटाला बाधतो. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बुल टेंपलपाशी कडलेकाई परिषे ही शेंगांची जत्रा भरते, तेव्हा नव्या शेंगा घेऊन ठेवाव्यात. त्या एकदा सोलून भाजल्या की महिनाभराच्या कुटाची सोय होते. सोलायला एक अख्खी दुपार जाते, हेही सांगते, कारण ते सांगायलाच हवं.

आईनं मला कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' दिलं. १९७० चं पुस्तक, आणि अजूनही त्यातलं वाटी-चमच्याचं माप हाताशी येतं. ते पुस्तक ज्या घरांसाठी लिहिलं गेलं तिथे निवडणं-टिपणं करणारी बाई दिवसभर घरी आहे हे गृहीत होतं, आणि त्या काळी बहुतेक घरांत ते खरंही होतं. आज पाककृती लिहिणाऱ्यांना ही सवलत नाही. त्यांचा वाचक रात्री नऊला ओट्यापाशी उभा असतो, एकटा.

त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. वेळेच्या ओळीत भाजी हातात घेतल्यापासून शेवटचं भांडं पालथं घालेपर्यंतचा सगळा वेळ लिहा. भिजवायचं असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा, सातव्या नाही. शिट्ट्यांऐवजी मिनिटं लिहा. एका माणसाचं माप लिहा. सव्वा तास लागत असेल तर सव्वा तास लिहा. आम्ही तो कुठूनतरी काढू.